पावतीवाले नाना

नोव्हेंबर लागला की भोपाळात दोन गोष्टी बाहेर निघतात: पेटीतल्या रजया आणि नानांचं पावतीपुस्तक. रजया गच्चीत उन्हाला पडतात. पावतीपुस्तक थेट आपल्या फाटकाशी येतं. नाना दारावरची बेल वाजवत नाहीत, सायकलची घंटी वाजवतात. आधी एकदा, मग दोनदा, मग घरातलं कोणी बाहेर येईपर्यंत. साहेब अंघोळीला गेलेत असं सांगितलं तर "होऊ द्या सावकाश, मी बसून राहिलो" म्हणतात आणि खरोखरच बसतात. आमच्या साकेतनगरात रिकाम्या हाताने उठलेले नाना अजून कोणी पाहिलेले नाहीत.

महाराष्ट्राबाहेर चार मराठी घरं जमली की गणपती बसतो, गणपती बसला की वर्गणी आली, आणि वर्गणी आली की एक नाना आलाच. हा माणूस अध्यक्ष होत नाही, नाटकात काम करत नाही, कोजागरीला गात नाही. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलतो, शाल-नारळ घेतो आणि मुलाकडे बंगळुरूला राहायला जातो. खजिनदार मात्र तोच राहतो, कारण दुसऱ्या कुणाला व्हायचं नसतं, आणि झालाच कोणी तर नाना त्याचा हिशेब तपासायला बसतात.

दिसायला नाना किरकोळ. दसऱ्यापासून होळीपर्यंत डोक्याला माकडटोपी. पँटचा उजवा पाय साखळीत अडकू नये म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा, आणि तो सायकलवरून उतरल्यावरही तसाच. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत. खिशात दोन पेनं, निळं पावती लिहायला आणि लाल शेरा मारायला. कार्बन पेपर ही वस्तू भोपाळात आता बहुधा एकट्या नानांकडे उरली असावी. मी एकदा म्हटलं, "नाना, हल्ली क्यूआर कोड असतो." त्यांनी तोही छापून घेतला, पावतीच्या मागच्या बाजूला. पैसे मोबाइलवरून दिले तरी पावती हाताने लिहूनच मिळते, आणि मिळाल्याची सही त्यांना द्यावी लागते.

नानांचे वडील १९५६ साली नागपूरहून इथे आले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी ठरलं, आणि नागपूरच्या सचिवालयातल्या फायली आणि त्या बांधणारी माणसं दोन्ही इकडे हलली. ग्वाल्हेर-इंदूरकडचे मराठी कारकूनही आले. सरकारी क्वार्टरांच्या वसाहतीला तात्या टोप्यांचं नाव मिळालं आणि भोपाळने त्याचं टी. टी. नगर करून टाकलं. नानांचं बालपण तिथे गेलं. घरी नागपुरी, गल्लीत भोपाळी, आणि पुढे नोकरी भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजे आमच्या भेलच्या, लेखा विभागात. त्यामुळे नानांच्या एकाच वाक्यात वऱ्हाडी जिव्हाळा, जुन्या शहरातला टोमणा आणि ऑडिटचा आक्षेप असं तिन्ही सापडतं.

या पावतीपुस्तकात सायकल शिरली ती इंग्लंडातल्या भाच्यामुळे. तिकडे लंडन ते ब्रायटन असे ५४ मैल लोक सायकली हाणतात आणि ओळखीपाळखीचे त्यांच्या नावावर हृदयरोगाच्या एका संस्थेला पैसे देतात. भाचा बायको-पोरांसकट जाऊन आला, फोटो पाठवले. नानांनी फोटो बाजूला सारले आणि मुद्द्यावर बोट ठेवलं.

"माणूस सायकल चालवते आणि शेजारी पैसे देते? आपल्याकडे शेजारी फक्त हसते बाप्पा!"

पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. गणपतीची वर्गणी घरटी असते. एकदा आकडा सांगितला की संपलं. इथे आकडा किलोमीटरने वाढतो! खजिनदाराच्या आयुष्यात असा शोध एकदाच लागतो.

साकेतनगर ते विदिशा हा पल्ला ठरला. पायडल मारणं त्यातलं सोपं काम. अवघड होतं ते ही योजना लोकांच्या गळी उतरवणं. घाम तुम्ही गाळणार तर पैसे आम्ही का द्यायचे, हा पहिला प्रश्न सगळ्यांचाच. मेव्हण्यांनी काटकसरीचा मार्ग काढला: "विदिशा काहून? मंडीदीपपर्यंत जा ना, मला निम्म्यात पडेल." एका शेजाऱ्यांनी आयकराच्या ८०-जीची सवलत मिळेल का ते सविस्तर विचारून घेतलं आणि मग किलोमीटरमागे आठ आणे लिहिले. इंदूरच्या साडूंनी आधी फोनवर खात्री करून घेतली, "इकडे यायचा विचार नाही ना? १९० किलोमीटर होतं," आणि मगच दोन रुपयांचा दर कबूल केला. कोपऱ्यावरचा पानवाला सगळ्यांत दिलदार. तो म्हणाला, "खां, घर बैठो, मैं वैसेई दे देता हूं." नाना अपमान झाल्यासारखे उठले. न चालवलेल्या किलोमीटरची पावती ते फाडत नाहीत.

पैसे जातात गॅसपीडित वस्त्यांतल्या अपंग मुलांच्या व्यायामोपचारासाठी. संस्थेचं नाव इथे छापलं तर नाना माझ्याकडून जाहिरातीची पावती फाडतील, म्हणून देत नाही.

आता कुटुंब. एकट्याने सायकल चालवली तर तो शौक, घरच्यांनी मिळून चालवली तर ते कार्य, अशी नानांची व्याख्या आहे, आणि कार्य म्हटलं की सहकुटुंब सहपरिवार. त्यासाठी परिपत्रक निघतं. ते हाताने लिहितात, नात त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते. विषय: सायकलीने विदिशा येथे प्रस्थान करणेबाबत. संदर्भ: गतवर्षीचे समक्रमांकाचे पत्र. खाली कामांची वाटणी. मुलगा: पंक्चर, हवा व तत्सम. सूनबाई: औषधे, केळी व शिस्त. मुलगी: छायाचित्रण. नात: झेंडा. जावईबापू: तांत्रिक सल्ला (बंधनकारक नाही). माझ्यासारख्या शेजाऱ्यालाही एक ओळ मिळते: मागून येणाऱ्या छोट्या हत्तीत बसून पाणी सांभाळणे. परिपत्रकाला उत्तर देण्याची मुदत तीन दिवस असते, आणि उत्तर आलं नाही तर होकार समजण्यात येतो.

माईंचं नाव परिपत्रकात नसतं. त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं, "मी एकदा कॅरियरवर बसून विदिशाला गेलेय. माझा कोटा झाला."

हा कोटा समजायला १९८४ च्या डिसेंबरात जावं लागतं. २ डिसेंबरच्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि जुनं शहर झोपेतच त्यात सापडलं. भेलच्या वसाहतीला त्या मानाने झळ कमी बसली. पण कारखान्यात तो वायू आणखी शिल्लक होता. तो संपवायला १६ डिसेंबरपासून कारखाना पुन्हा चालवायचं ठरलं. सरकारने या कामाला 'ऑपरेशन फेथ' असं नाव दिलं. हेलिकॉप्टरने वरून पाणी शिंपडणार, काळजीचं काहीच कारण नाही, असं जाहीर झालं. काळजीचं कारण नाही असं सरकारच म्हणतंय म्हटल्यावर भोपाळकरांनी जे मिळेल त्या वाहनाने गाव सोडलं. विश्वास एवढा दांडगा, की रेल्वे स्टेशनात पाय ठेवायला जागा उरली नाही.

नानांना गाडी मिळाली नाही, बस मिळाली नाही. त्यांनी हर्क्युलिस काढली. दांडीवर चार वर्षांचा मुलगा, कॅरियरवर माई, हँडलला दशम्यांचा डबा. विदिशाला आत्या राहायची. विदिशा म्हणजे जुनं भेलसा, ग्वाल्हेर संस्थानातलं गाव. शिंद्यांच्या चाकरीमुळे तिथे मराठी घरं होतीच. वाटेत साँचीला रात्र काढून दुसऱ्या दिवशी ही तिघं आत्याच्या दारात पोचली. आत्याने चौकशी केली ती अशी: "सायकलवर? पत्र तरी टाकायचं रे आधी!"

"तेव्हा किलोमीटरमागं कोणी पैसा दिला नाही," नाना अजून म्हणतात. मुलाला त्या प्रवासातलं फक्त दांडीचं रुतणं आठवतं. आज तो जाड गादीच्या सीटशिवाय सायकलला हात लावत नाही, त्याचं मूळ तिथे आहे.

एका वर्षी माईंच्या भावाने माईंच्या नावावर पैसे द्यायची तयारी दाखवली. माईच म्हणाल्या, "१९८४ चे किलोमीटर लिहा." नानांनी थोडा वेळ विचार केला आणि प्रकरण मुदतबाह्य ठरवलं. त्या दिवशी चहात साखर आली नाही. नानांनी त्याचीही नोंद घेतली.

पावतीचा हा हट्ट गणपतीतून आला असेल असं मला आधी वाटायचं. तो आला जुन्या शहरातून. १९९० मध्ये गॅसपीडितांना महिना २०० रुपये अंतरिम मदत सुरू झाली, १९९२ पासून दावे चालायला लागले. दाव्याला कागद हवा: कुठल्या दवाखान्यात गेलात, कोणत्या तारखेला, चिठ्ठी कुठाय? नाना तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिकडच्या एका पटियावर बसून लोकांचे अर्ज भरून देत. पटिया म्हणजे दुकानापुढचा दगडी ओटा. जुन्या भोपाळची निम्मी रात्र आणि सगळं राजकारण अशा पटियांवर चालत आलंय. तिथे एक बाई म्हणाली, "बाबूजी, भागते में परची कौन लेता है?" यावर लेखा विभागातल्या माणसाकडेही उत्तर नव्हतं. बहुतेकांच्या पदरात शेवटी २५,००० रुपये पडले, तेही ज्यांचे कागद जुळले त्यांच्या. तेव्हापासून नाना भाजीवाल्याकडेही पावती मागतात. आमच्या भाजीवाल्याने त्यांच्यासाठी एक वही ठेवली आहे.

कार्बाइडच्या आवारातला विषारी कचरा चाळीस वर्षं तिथेच पडून होता. २०२५ च्या जानेवारीत ३३७ टन कचरा बारा कंटेनरांत भरून रातोरात पिथमपूरला नेला. पुढेमागे पोलीस आणि वाटभर ग्रीन कॉरिडॉर. नानांनी बातमी वाचून लाल पेन उघडलं. "कचऱ्याला आख्खा रस्ता मोकळा, अन् आम्हाला भानपूरच्या चौकात एक शिपाई मिळून नाही राहिला." या मजकुराचा अर्ज त्यांनी खरोखर दिला. पोच घेतली आहे. उत्तर नाही.

३ डिसेंबरला भोपाळात सुट्टी असते. सायकली निघतात त्यानंतरच्या रविवारी. जावईबापू दोन दिवस आधी पुण्याहून येतात, कोथरूडहून, आणि त्यांची सायकल त्यांच्याही आधी खोक्यातून येते. कार्बनच्या सांगाड्याची ही सायकल नानांनी दोन बोटांनी उचलून पाहिली, किंमत विचारली आणि पाणी मागितलं. "कार्बन माझ्याजवळ पण आहे," ते सावरून म्हणाले, "डझनाच्या भावात मिळते."

आदल्या रात्री जेवणानंतर बैठक होते. जावईबापूंना बोलायला फक्त विषय लागतो. एकदा त्यांनी नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंची गोष्ट सांगितली. २०१५ मध्ये दोघा भावांनी मिळून अमेरिकेची शर्यत पुरी केली, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत, आळीपाळीने, रात्रंदिवस. नाना मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "झोपले कधी?" मग, "जेवले काय?" आणि मग जे मनात होतं ते, "सगळ्या किलोमीटरांच्या पावत्या कोणी लिहिल्या?"

नानांचा आदर्श वेगळा आहे. बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा काढली. शंभरावर तरुण मुलं-मुली काश्मीरकडे सायकलींवर निघाली. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बाबा स्वतः सायकलवर नव्हते, बरोबरच्या गाडीत आडवे पडून असत. नानांना त्या यात्रेबद्दल मनापासून आदर आहे, पण हा शेवटचा तपशील त्यांनी पूर्वदाखला म्हणून वेगळा टिपून ठेवलाय. त्याचा उपयोग पुढे बालमपूरच्या घाटात होतो.

पहाटे साडेपाचला हजेरी. थंडी अशी की नाव घेतल्यावर माणसाआधी वाफ 'हजर' म्हणते. नाना सर्वांच्या चाकांतली हवा अंगठ्याने दाबून तपासतात. जावईबापूंच्या चाकाला किती दाब लागतो ते त्यांच्या यंत्रावर दिसतं, तरी नानांचा अंगठा त्यावरूनही फिरतो. माई फाटकाशी येऊन सगळ्यांच्या हातावर साखर ठेवतात आणि माझ्याशेजारी छोट्या हत्तीत चढतात. सायकल चालवायची नाही एवढंच त्यांनी म्हटलं होतं, येणार नाही असं कधीच म्हटलं नव्हतं.

भानपूरपर्यंत ट्रक आणि दूधवाले. तिथे पोहे-जिलेबीसाठी पहिला थांबा. जावईबापूंना सायकलिंगच्या आधी तळलेलं आणि गोड वर्ज्य, म्हणून ते केळं सोलतात. पोहेवाला शेव टाकता टाकता विचारतो, "को खां, साइकिल चलाने के पैसे ले रिये हो कि दे रिये हो?" नाना त्याला पूर्ण योजना समजावून सांगतात. सगळे खाऊन उठेपर्यंत तोही किलोमीटरमागे चार आण्यांना तयार झालेला असतो. चार आण्यांचं नाणं सरकारने २०११ मध्येच बंद केलं. नाना गुणाकार करून पूर्ण रुपयांत पावती देतात. जाताना कोणाचं लक्ष नाही असं पाहून जावईबापू एक जिलेबी उचलतात. मुलीकडे छायाचित्रणाचं खातं असल्यामुळे याचा पुरावा उपलब्ध आहे.

सूखी सेवनियानंतर नानांची खरी चाल दिसते. भेलची शिफ्ट सुटली की फाटकातून सायकलींचा जो लोंढा निघे, त्यात शिकलेली ही चाल. ना हळू, ना जोरात. पुढच्याला धक्का नाही, मागच्याला आडकाठी नाही. पाठ ताठ, घंटीवर अंगठा. जावईबापू पुढे निसटतात, थांबतात, परत मागे येऊन सांगतात, "नाना, कॅडन्स ठेवा, कॅडन्स!" नाना म्हणतात, "ठेवतो. कुठं ठेवू?"

बालमपूरचा घाट सह्याद्रीतल्या माणसाला घाट वाटणार नाही, पण हर्क्युलिसला वाटतो. पायथ्याशी नाना उतरतात, गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "बाबा सुद्धा गाडीतच होते," आणि सायकलसकट छोट्या हत्तीत येतात. गाडीत बसताच पहिलं काम काय करतात, तर डायरी काढतात आणि दगड पाहून लिहितात: गाडीने प्रवास, इथून. वर चढाव संपला की पुन्हा दगड पाहतात: इथपर्यंत. मधले किलोमीटर लाल पेनाने वजा. कोणी पाहत नसतं, कोणी विचारणार नसतं. आमच्या ओळखीत इतक्या माणसांनी इतक्या ठिकाणी इतके पैसे गोळा केले, पण स्वतःच्या बसल्या जागेचे पैसे कापून घेणारा हा एकच.

दीवानगंजच्या पुढे कर्कवृत्त रस्ता ओलांडतं. तिथे फलक आहे, रस्त्यावर रेषा आखली आहे आणि फोटोसाठी सगळं कुटुंब अर्धं उष्ण कटिबंधात नि अर्धं समशीतोष्ण कटिबंधात उभं राहतं. नात शाळेत शिकलेलं सगळं आजोबांना सांगते. आजोबा रेषा ओलांडतात आणि स्वेटरचं वरचं बटण लावतात.

साँचीला मात्र नाना बदलतात. सायकली खाली लावून, तिकिटं नीट घडी घालून ठेवून ते टेकडी चढतात आणि थेट मोठ्या स्तूपाच्या दगडी कठड्याशी जातात. लोकांचा कॅमेरा तोरणांवरच्या हत्तींकडे असतो. नाना कठड्याच्या खांबावरची बारीक अक्षरं शोधत असतात. अशी शेकडो अक्षरं तिथे आहेत. अमक्या भिक्षुणीचं दान, तमक्या व्यापाऱ्याचं दान, अमक्याच्या आईचं, उज्जैनच्या कोणाचं. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी शिळा. दक्षिण तोरणावर तर विदिशाच्या हस्तिदंताच्या कारागिरांनी कोरीव काम आम्ही केलं म्हणून लिहून ठेवलंय.

"पाहा," नाना नातीला म्हणतात, "दोन हजार वर्षं झाली. राजाचं नाव लोक विसरून गेले होते. पावत्या शाबूत!"

आणि हे त्यांचं म्हणणं पोकळ नाही. ब्राह्मी लिपी वाचता येत नव्हती तेव्हा जेम्स प्रिन्सेपच्या हाती साँचीचे हे तुकडे लेख आले. बहुतेक सगळे शेवटी त्याच दोन अक्षरांवर संपतात हे त्याच्या ध्यानात आलं. इतक्या छोट्या छोट्या लेखांचा शेवट एकसारखा, म्हणजे या देणग्या असणार आणि ही अक्षरं 'दानं' अशी असणार, हे त्याने ताडलं. तिथून लिपीचं कुलूप निघालं, १८३७ साली. अशोकाचे शिलालेख वाचता आले ते या फुटकळ वर्गणीदारांच्या जोरावर. नानांना प्रिन्सेपबद्दल विलक्षण आपुलकी आहे. तो कलकत्त्याच्या टांकसाळीत अधिकारी होता हे कळल्यापासून तर ते त्याला लेखा खात्यातलाच समजतात.

जावईबापूंनाही साँचीत एक मुद्दा सापडला. सिंहली ग्रंथांप्रमाणे अशोकाची बायको देवी ही विदिशाच्या व्यापाऱ्याची मुलगी. "म्हणजे नाना, सम्राट अशोक इकडचा जावईच की!" ते खुशीत म्हणाले.

"होता ना," नाना म्हणाले. "त्यानं स्तूप बांधून दिला. तुमचे मागच्या वर्षीचे पैसे अजून यायचे आहेत."

तिथून विदिशा जवळच. आत्या आता नाहीत. आतेभाऊ आहेत, त्यांच्या सूनबाई शरबती गव्हाच्या गरम पोळ्या वाढतात आणि सगळे पाय पसरून बसतात. नात झोपते. मुलगा कण्हतो. संध्याकाळच्या गाडीने माणसं आणि छोट्या हत्तीने सायकली परत भोपाळला. छोट्या हत्तीचं भाडं, केळी, पोहे हा सगळा खर्च नानांच्या पेन्शनीतून. वर्गणीला त्यातली दमडी लागत नाही.

मग सोमवार. जावईबापूंच्या मोबाइलमध्ये अंतराचा एक आकडा, रस्त्यावरच्या दगडांचा दुसरा. मोबाइलचा आकडा मोठा आणि देणग्या त्याने वाढतात, म्हणून सगळ्यांचं मत मोबाइलच्या बाजूने. नाना दगडाच्या बाजूने. "दगड सरकारी आहे," एवढंच कारण. सूनबाई म्हणाल्या, चार पैसे संस्थेलाच जास्त मिळतील ना. नाना म्हणाले, मिळतील, पण चालवलेले नसतील.

आणि यानंतर येतो नानांच्या सगळ्या खटाटोपातला सगळ्यांत अचाट भाग. ज्यांनी साठ किलोमीटर धरून आगाऊ पैसे दिले, त्यांना फरक परत. मला पंधरा रुपये परत मिळाले, व्हाउचरवर सही करून, महसुली तिकिटाची गरज नसल्याचा शेरा मारून. ते मी घ्यायला नकार दिला तर नानांनी शांतपणे नवी पावती लिहिली: स्वेच्छेने जादा देणगी, रुपये पंधरा फक्त. त्या पंधरा रुपयांची ये-जा दोन कागदांवर, कार्बनसकट, नोंदली गेली आहे. मेव्हणे तर दरवर्षी फरकाची वाट पाहतात. त्यांना तो नाणी मोजून मिळतो.

असे हिशेब पाहून संस्थेतल्या लोकांनी नानांना खजिनदार व्हायची विनंती केली होती. नानांनी त्यांची मागच्या तीन वर्षांची पुस्तकं मागवली. विनंती पुन्हा झाली नाही.

तेव्हा वाचकहो, डिसेंबरच्या सुरुवातीला साकेतनगरात कोणाकडे उतरणार असाल आणि फाटकाशी सायकलची घंटी वाजली, तर अंघोळीचं निमित्त सांगू नका. सुटे पैसे तयार ठेवा. नाना ५०० ची नोट मोडून देत नाहीत.